सोपानभाऊंचा पुकारा

सकाळी साडेआठच्या सुमाराला तुम्ही येडगावच्या फाट्यावरून नारायणगावकडे निघाला असाल आणि कडेने चाललेल्या एखाद्या सायकलवरून कोणी तुमचं नाव, गाव आणि तुम्हाला कधीच न मिळालेली पदवी खड्या आवाजात पुकारली, तर दचकू नका. हात वर करा आणि गाडी हळू घ्या. ते आमचे सोपानभाऊ आहेत आणि ते कामावर निघाले आहेत.

मला ते रोज असं पुकारतात, "राजुरीचे मानकरी, हाडांचे नामांकित फोटोग्राफर, निळ्या स्कूटरचे मालक, वसंतराऽऽव! मागून आले, मागून आले, अन् हळूच आले!" पहिल्या दिवशी हे ऐकून मी स्कूटरसकट गटारात जाता जाता राहिलो.

मी मानकरी वगैरे काही नाही. राजुरीला घर आहे आणि नारायणगावातल्या हाडांच्या एका दवाखान्यात मी एक्स-रे काढतो. आधी वीस वर्षं पुण्यात हेच केलं. तिथल्या रस्त्यांना कंटाळून दोन वर्षांपूर्वी गावाकडे परत आलो, तर इथेही लोक तशीच हाडं मोडून घेत होते, फक्त मोडणाऱ्या गाड्यांमध्ये टोमॅटो होते. इतकी वर्षं माणसं आतून बघितल्यावर बाहेरून बघायचा उत्साह राहत नाही. मला माणसांची नावं आठवत नाहीत. उसाच्या ट्रॉलीचा खुबा, पिकअपची नडगी, खड्ड्याचं मनगट असं आठवतं. आणि नेमका मी अशा माणसाच्या शेजारी येऊन पडलो, ज्याला तालुक्यातल्या प्रत्येकाचं नाव पाठ आहे.

सोपानभाऊ आमच्याच दवाखान्यात काम करतात. काम म्हणजे बाकड्यावर बसलेल्या पेशंटांना एकेक करून आत सोडणं. साठी ओलांडलेली, उंच, वाळकी अंगकाठी, डोक्यावर पांढरी टोपी आणि गळ्याची घाटी एवढी मोठी, की बोलताना ती वर-खाली होते ती लांबून दिसते. त्यांचा खरा धंदा वेगळा होता. तीस वर्षं ते बैलगाड्यांच्या शर्यतीत माईकवर पुकारायचे. जुन्नर-आंबेगावात यात्रा म्हटली की घाट आला, म्हणजे गाडे पळवायची ती चढाची धावपट्टी, आणि घाट म्हटला की सोपानभाऊ आले. एकेका गाड्याची पाळी म्हणजे बारी. बारी संपते पंधरा सेकंदांत. पण बारी सुटण्याआधी मालकाचं नाव पुकारायला सोपानभाऊ दोन मिनिटं घ्यायचे. त्यात आजोबांचं नाव यायचं, विहिरीचं पाणी यायचं, मालकाच्या मिशा यायच्या. मालक वर्षभर बैलांना अंडी आणि दूध घालतो ते खरं म्हणजे त्या दोन मिनिटांसाठी.

मी दवाखान्यात आलो त्याच्या आधीच त्यांनी घाट सोडला होता. का सोडला, हे कोणी सांगत नसे आणि मी विचारत नसे. माझा विचारण्याचा स्वभाव नाही. समोरच्याचा खांदा प्लेटला चिकटला, श्वास रोखला, की माझं काम झालं.

घाट सुटला तरी पुकारा सुटला नव्हता. "पुढची बारी! पिंपळवंडीचे प्रगतशील बागायतदार, द्राक्षांचे बादशहा, डावा गुडघा घेऊन मैदानात उतरत आहेत!" असं म्हटल्यावर तो पिंपळवंडीचा म्हातारा काठी सावरायचा, सदऱ्याचं वरचं बटण लावायचा आणि निम्मा बरा होऊनच आत जायचा. एकदा एका आजींनी ताकीद दिली, "मला काय नुसतं कमर-कमर म्हंतोस रे? माझ्या म्हशींचं सांग की." त्यांनी म्हशींचं सांगितलं. आजी हसत आत गेल्या आणि इंजेक्शन घेऊन हसतच बाहेर आल्या.

कोणाच्या तरी शिकलेल्या जावयाने तक्रार केली, की पेशंटच्या दुखण्याची अशी दवंडी पिटणं योग्य नाही. डॉक्टरांना ते पटलं. त्यांनी सांगितलं, आजपासून फक्त नंबर पुकारायचा. सोपानभाऊंनी मान हलवली आणि दोन दिवस इमानेइतबारे, पडलेल्या आवाजात, "सात. आठ. नऊ," असं म्हटलं. बाकड्यावरचं कोणी हललं नाही. नवव्या नंबरचा माणूस समोर बसून होता, त्याला मी विचारलं, तुमचा नंबर झाला ना? तो म्हणाला, "झाला असंल. मला कुठं कोन काय म्हनलं?" तिसऱ्या दिवशी नावं परत सुरू झाली. दुखणी तेवढी वगळली.

आता रस्त्याचं सांगतो. बायपास झाला तेव्हा म्हणाले होते, गावातली गर्दी जाईल. गर्दीने बायपास बघितला आणि ती गावातच राहिली. टोमॅटोच्या पिकअपना बाजार गाठायची घाई, उसाच्या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, एसट्या, लेण्याद्रीला आणि ओझरला जाणाऱ्या भाविकांच्या बसेस, वर पुण्या-मुंबईहून द्राक्षं खायला येणाऱ्या गाड्या. कडेला हातगाड्या, हातगाड्यांना खेटून उभ्या केलेल्या मोटारी. या सगळ्यातून उरते ती गटाराच्या वरची वीतभर जागा, आणि ती सायकलवाल्याची. पुण्यात निदान काही ठिकाणी सायकलसाठी वेगळी पट्टी आखलेली असायची. तिच्यावर मोटारी उभ्या असायच्या ही गोष्ट सोडा.

या रस्त्याने रोज येणारा सायकलवाला एवढा एकच उरला आहे, असं रशीदभाई म्हणतात. रशीदभाईंचं सायकलचं दुकान आमच्या दवाखान्यासमोर आहे आणि गिऱ्हाईक येण्याची वाट बघणं सोडून त्यांना बरीच वर्षं झाली आहेत. सोपानभाऊंच्या हँडलला दोन्ही बाजूंनी मोटारसायकलचे आरसे त्यांनीच बसवून दिले. ब्रेक बदला, असंही ते दर महिन्याला सांगतात.

"सोपानभाऊ, पुढचा ब्रेक पार गेलाय. वक्ताला लागत न्हाई तो."

"ब्रेक कशाला, रशीदभाई? गळा हाय ना."

एकदा मी त्यांना विचारलं, की रोज एवढं ओरडून दम लागत नाही का? गप्प सायकल चालवली तर काय बिघडेल?

"वसंतराव, गप सायकल म्हंजे काय? रस्त्यात आलेली फांदी. फांदीला कोन पाहतं? पर नाव घेतलं का मानूस इचार करतो, आयला, आपल्याला कोन वळखतं बॉ? अन् पाय आपसूक ब्रेकवर जातो. मंग तो हात करतो, अन् सांभाळून पुढं निघून जातो. नाव घेतल्याला मानूस धडकत न्हाई, राव. लाज वाटती त्याला."

मला हे पटलं नव्हतं. मी मोडलेली हाडं बघतो आणि त्यातल्या कित्येकांना धडक देणारा त्यांच्या चांगल्या ओळखीचा असतो. पण महिनाभर मागून बघितलं, तर खरंच तसं व्हायचं. आरशात गाडीचं तोंड दिसलं, की सोपानभाऊ ती कोणाची हे सांगायचे. लिंबू-मिरची कुठल्या बाजूला लटकली आहे, बंपर कुठे चेपला आहे, यावरून त्यांना कळायचं. "आळ्याचे उद्योजक, तीन पोरींचे भाग्यवान बाप, सुदामशेऽऽठ!" की सुदामशेठची पिकअप हळू व्हायची, खिडकीतून हात बाहेर यायचा, आणि ती सायकलला हातभर जागा सोडून पुढे जायची. कानात गाणी घालून ट्रॅक्टर चालवणारेसुद्धा हा आवाज ऐकायचे. डॉक्टरांनी त्यांना एक हेल्मेट आणून दिलं होतं. हेल्मेट घातलं की कान बंद होतात, म्हणून सोपानभाऊ त्यात जेवणाचा डबा ठेवून ते हँडलला अडकवायचे. डब्याला आजवर काही झालेलं नाही.

अडचण यायची ती बाहेरच्या गाड्यांची. त्यांची नावं कुठून आणणार? "पुण्याचे पावणं! पांढऱ्या गाडीचे मालक! काळा चष्मावाले!" असं ते अंदाजाने ठोकून द्यायचे. पण पाहुण्यांच्या काचा बंद, आत गारवा, आत गाणी. अशी एखादी गाडी अगदी अंगावर आली, की सोपानभाऊ सायकलवरून उतरून उभे राहायचे. "ह्यांचं काय करावं, कळत न्हाई," एवढंच म्हणायचे.

त्यांच्या आवाजाने घोटाळा झाला नाही असं नाही. चौकात सकाळी एक होमगार्ड उभा असतो. एकदा त्याने हात आडवा करून आमची बाजू अडवली होती. सगळ्यात पुढे एक पाय टेकून सोपानभाऊ, त्यांच्या मागे आठ-दहा पिकअप आणि माझी स्कूटर. वेळ लागत होता. इंजिनं गुरगुरत होती, धूर निघत होता, माणसं पुढे वाकून बसली होती. त्या सगळ्याने सोपानभाऊंच्या डोक्यात काय झालं देव जाणे, पण त्यांची मान वर गेली, घाटी हलली आणि त्यांनी बारी सोडायची आरोळी दिली, "झालीऽऽऽ! भिर्रर्रर्रर्र!"

दुसऱ्या कुठल्या गावात असतं तर लोक हसले असते. आमच्याकडे झाडून सगळ्या ड्रायव्हरांनी क्लच सोडले. आठ-दहा पिकअप एकदम सुटल्या, होमगार्डने रसवंतीच्या मांडवात उडी मारली आणि समोरून येणारी एसटी जागच्या जागी थिजली. कोणाला काही लागलं नाही, हे नशीब. चौकाच्या पलीकडे गेल्यावर सगळे खाली उतरले आणि आपण का पळालो, हे एकमेकांना विचारू लागले. होमगार्ड उसाच्या चिपाडांतून उठून आला तो सोपानभाऊंसमोर शिट्टी धरून म्हणाला, "घ्या. तुमीच उभं ऱ्हावा हितं. मी जातो सायकलवर."

सोपानभाऊ तेव्हा हसले नाहीत. दिवसभर कानकोंडे होऊन बसले. "तोंडातून गेलं, राव. लई दिवसांनी गेलं," असं संध्याकाळपर्यंत चार वेळा म्हणाले.

माझा स्वतःचा राग मात्र वेगळ्याच माणसावर होता. सोपानभाऊंच्या मागे रोज एक पांढरी पिकअप असायची. फाट्यावर, रसाच्या बंद गुऱ्हाळापाशी ती उभी असायची आणि सोपानभाऊ पुढे गेले की निघायची. निघायची म्हणजे रांगायची. पुढे रस्ता मोकळा असला तरी सायकलच्या पुढे म्हणून जायची नाही. मागून एसटीने कितीही हॉर्न दिला तरी कडेला सरकायची नाही. समोरून मोकळं मिळालं की पुकारा झालेले गाडीवाले तिला वळसा घालून पुढे जायचे, मला ते धाडस नव्हतं. सायकलच्या मागे ती, तिच्या मागे मी, माझ्या मागे निम्मा तालुका. उन्हाळ्याच्या दिवसांत या वरातीत वीस मिनिटं तापून मी दवाखान्यात पोचायचो आणि डॉक्टर घड्याळाकडे बघायचे. मी त्या पिकअपवाल्याला हॉर्न दिले, हातवारे केले. एकदा खिडकीशी स्कूटर घेऊन जाऊन, माझ्या वयाला शोभणार नाहीत अशी दोन-तीन वाक्यं बोललोही. आतल्या तिशीतल्या माणसाने ऐकून घेतलं, काच वर केली आणि पुन्हा दुसरा गिअर टाकला.

एवढ्या नावांच्या त्या पुकाऱ्यात या गाडीचं नाव कधी आलं नाही, हे माझ्या ध्यानात आलं होतं. मी म्हटलं, असेल कोणी बाहेरचा. त्या वेळी एवढा विचार पुरेसा वाटला.

मग गेल्या श्रावणात सोपानभाऊ पडले. त्या दिवशी पांढरी पिकअप फाट्यावर नव्हती आणि मला बरं वाटलं होतं. रस्ता भराभर चालला होता. मी त्यांच्या मागे शंभरेक पावलांवर असेन. नेहमीसारखी नावं येत होती, पण मधेच खंड पडत होता. मला ते लांबूनही दिसत होतं, की सोपानभाऊ पुढे कमी आणि आरशात जास्त बघत आहेत. डावीकडे एक मोटार उभी होती. आतल्या माणसाने मागे न बघता दार उघडलं. सोपानभाऊंच्या तोंडातून आवाजच आला नाही. सायकल दारावर, ते रस्त्यावर आणि हेल्मेटमधला डबा घरंगळत गटाराच्या काठावर.

दार उघडणारा घाबरून पांढरा पडला होता. त्याने आणि मी मिळून त्यांना दवाखान्यात नेलं. आयुष्यात पहिल्यांदा मी एक्स-रे काढताना समोरच्या माणसाचा चेहरा बघत होतो. गळ्यापाशी खांद्याचं जे आडवं हाड असतं, ते मोडलं होतं.

"एवढं मोठं दार दिसलं नाही तुम्हाला?" मी विचारलं. मला राग आला होता. पुण्यात दाराने मोडलेले शंभर खांदे मी बघितले आहेत, आणि हा एक मला बघायचा नव्हता.

"आरशात पाहत व्हतो."

"काय होतं आरशात?"

"काय नव्हतं," असं म्हणून त्यांनी मान फिरवली. फॉर्मवर जवळच्या नातेवाइकाचं नाव लिहायचं असतं. मी विचारलं तर म्हणाले, "लिवा, येडगाव." मी म्हटलं, गाव नको, नाव. ते म्हणाले, "गावच लिवा."

दुपारी कोणीतरी एक्स-रेच्या खोलीच्या दारात येऊन उभं राहिलं. मी पाठमोरा होतो. "हाड जुळंल ना सायेब?" असा आवाज आला. वळून बघितलं तर तो पांढऱ्या पिकअपवाला. कपड्यांना टोमॅटोचे डाग, डोळे लाल.

मी ओशाळून विचारलं, तुम्ही पेशंटचे कोण?

"तुमी रोज शिव्या देता तो मी," तो म्हणाला. "संतोष. त्यांचा पोरगा."

मी त्याला स्टुलावर बसवलं. रात्री माल घेऊन तो मुंबईला गेला होता, परतताना डोंगरातल्या घाटात गाड्या अडकल्या आणि सकाळी फाट्यावर पोचायला उशीर झाला. एवढं त्याने दोनदा सांगितलं. जणू मी त्याला जाब विचारला होता. वडिलांकडे जात नाही का, असं मी विचारलं. हातातली किल्ली त्याने टेबलावर ठेवली.

"तीन वर्सं झाली. बंदी उठून शर्यती परत चालू झाल्या तवा मी बैलं घेतली. दोन वर्सं राबलो त्येंच्यापायी. गावच्या यात्रेला पहिली बारी. माईकवर बाप, आमचे नाना. आख्ख्या घाटाला नावं दिली नानांनी. ज्यानं पावण्याची बैलं उसनी आनली, त्यालाबी घाटाचा राजा म्हनले. माझी बारी आली. नाना म्हनले, 'बारी नंबर बावीस, येडगाव.' अन् गप. बैल वर जाईस्तोवर घाट गप. बैल असे पळाले सायेब, असे पळाले! नानांनी सेकंद सांगितलं, अन् म्हनले, पुढची बारी. लोक माझ्या तोंडाकडं पाहत व्हते."

त्याच संध्याकाळी त्याने बैल विकायला काढले, बायकोला घेऊन फाट्याजवळ खोली केली. तेव्हापासून बापलेकांत शब्द नाही. आईला जाऊन पाच वर्षं झाली होती, त्यामुळे मध्ये पडायलाही कोणी नव्हतं.

"मग रोज मागे कशाला चालवता गाडी?" मी विचारलं.

"नाव घेतलं का समदे हळू व्हत्यात, हे नानांचं खरं हाय," तो म्हणाला. "पर बाहेरच्या गाड्यांना कोन सांगनार? त्या मागनंच येत्यात. मी मागं असलो का त्यांना माझ्याच मागं ऱ्हावं लागतं." मग उठला. "मी आल्तो म्हनून सांगू नका. फकस्त हाड जुळंल का, तेवढं सांगा."

मी त्याला फिल्म दिव्यावर लावून दाखवली. बापाच्या खांद्याकडे तो बघत उभा राहिला. जुळेल, म्हटलं. मी नातेवाइकांना असं एवढ्या खात्रीने कधी सांगत नाही.

दीड महिना सोपानभाऊंचा हात झोळीत होता आणि तेवढे दिवस रस्ता मुका होता. मला दवाखान्यात वेळेवर पोचता येत होतं. पण फाट्यावरून जाताना मला कोणी मानकरी म्हणत नव्हतं, आणि पन्नाशी उलटलेल्या माणसाला या गोष्टीचं वाईट वाटावं, याची मला लाज वाटत होती. गुऱ्हाळापाशी पिकअप रोज उभी असायची. पुढे जायला सायकल नाही म्हणून थोडा वेळ थांबायची आणि मग निघून जायची.

हात सुटल्यावर डॉक्टरांनी सायकलला बंदी केली. सोपानभाऊंनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सायकलवर आले. रशीदभाईंनी त्यांना अडवून, न विचारता, पुढचा ब्रेक नवा बसवला. मागोमाग पिकअप आली, पिकअपच्या मागे मी. हॉर्न द्यायला माझा अंगठा सवयीने बटणापर्यंत गेला आणि तिथूनच परत आला.

दोन माणसांचं गुपित पोटात घेऊन फिरणं मला झेपत नाही. आठ दिवस मी कसेबसे काढले. मग एका दुपारी बाकडं रिकामं असताना मी दोघांसाठी चहा सांगितला आणि म्हटलं, "सोपानभाऊ, तुमच्या मागे रोज येते ती गाडी कोणाची, ते मला माहीत आहे."

त्यांनी बशीत चहा ओतला. "मलाबी माहीत हाय. पहिल्या दिसापासून. पोराच्या गाडीचा आवाज बापाला कळत न्हाई व्हय? रोज दुसऱ्या गिअरवर चालवतोय. डिझेल किती खात असंल ती." बशी तशीच हातात राहिली. "पडलो त्या दिशी आवाज नव्हता मागं. म्हनून पाहत व्हतो, काय झालं पोराला."

"मग त्या वेळी घाटावर नाव का नाही घेतलंत त्याचं?"

"माईक हातात असला का घरचं नाव घ्यायचं न्हाई, हा नेम मीच घातल्याला. न्हाईतर लोक म्हनत्यात, पोराला चढवतो. दुसऱ्या पुकारणाऱ्यांना मी बोललोय त्यापायी. मंग मी कसं घेऊ?" त्यांनी बशी खाली ठेवली. "अन् खरं सांगू का, वसंतराव? नेम तर मोडला असता. नाव तोंडात आलं व्हतं. पर त्याची माय पाहिजे व्हती त्या दिशी, असं मनात आलं, अन् गळाच धरला. आवाज निघंना. कसाबसा नंबर सांगितला. माईकवर रडलो असतो तर चार गावांनी पाहिलं असतं. त्याला वाटलं, बापानं मान दिला न्हाई. दुसऱ्या दिशी माईक ठिवला खाली."

हे सगळं त्यांनी मुलाला का सांगितलं नाही, असं मी विचारलं नाही. माझ्याही घरी दोन मुलं आहेत आणि त्यांना न सांगितलेल्या गोष्टींची यादी लांब आहे. मला एवढंच सुचलं, की आता तर माईक नाही, घाट नाही, नेमही नाही. रस्त्यावर शंभर लोकांची नावं घेता. उद्या सकाळी त्याचं एकदा घ्या. दोन मिनिटं घ्या. आजोबांपासून सुरू करा.

सोपानभाऊ हसले. इतक्या हळू आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

"नाव घेतलं का मानूस काय करतो, तुमी रोज पाहता. हात करतो, अन् पुढं निघून जातो. त्याचं न्हाई घेत मी. ऱ्हाऊ दे मागं."